रांजणातले खडे

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत मला लहानपणापासून काळजी होती ती रांजणांची. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. वाटसरूला गाठायचं, मारायचं, लुटायचं आणि घरी येऊन रांजणात एक खडा टाकायचा. असे सात रांजण भरले. मग नारद भेटले. या पापात तुझी बायकापोरं वाटेकरी आहेत का विचारून ये, म्हणाले. बायकापोरांनी कानांवर हात ठेवले. वाल्या 'मरा मरा' म्हणत बसला, अंगावर वारूळ चढलं आणि आतून निघाले ते वाल्मीकी. जतला रामनवमीच्या उत्सवात बुवांनी ही गोष्ट अशी रंगवली होती, की बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मी आईच्या मांडीला रेलून बसलो होतो. वारूळ वगैरे ठीक होतं, पण त्या रांजणांचं पुढं काय झालं? वाल्मीकींनी ते तसेच कोपऱ्यात ठेवले? ओढ्यात उपडे केले? आईला विचारलं तर म्हणाली, "गप ऐक." परत येताना वडिलांना विचारलं. ते तालुका कचेरीत कारकून. म्हणाले, "फाईल निकाली निघाली म्हणायची."

जतच्या पोराला रांजणाचं एवढं कौतुक का, ते जत पाहिलेल्यालाच कळेल. डफळ्यांचं जुनं संस्थान, पर्जन्यछायेतला तालुका. काही माणसं कानडी बोलणारी, काही मराठी, आणि बाजारात सगळीच दोन्ही. म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधीच्या त्या दिवसांत टँकर आला की गल्लीत भांडणं आणि रांजण भरला की घरात शांतता. असल्या गावात पाण्याच्या सात-सात रांजणांत कुणी खडे भरून ठेवतो, हेच मला खुनाखालोखालचं पाप वाटायचं. खरी टोचणी मात्र वेगळी होती. एकेक खडा म्हणजे एकेक माणूस. कुणी बाजाराला निघालेला, कुणी लेकीला माहेरी आणायला निघालेला. वाल्याचा वाल्मीकी झाला, खड्यांचं काय झालं?

आमच्या गल्लीत एक सिस्टरबाई राहायच्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभं केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्या शिकलेल्या, आणि जतला सरकारी दवाखान्यात नोकरीला. त्यांच्या फळीवर दोनच पुस्तकं असायची, 'पवित्र शास्त्र' आणि 'उपासना संगीत'. दुसऱ्यातली ना. वा. टिळकांची पदं त्या भाकरी थापताना म्हणत. ते ऐकून आमची आजी त्यांना बरीच वर्षं वारकरीच समजत होती, आणि कुणी तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलं नाही.

माझ्या फुटलेल्या गुडघ्याला आयोडिन लावताना मी ओरडू नये म्हणून सिस्टरबाई गोष्टी सांगत. उधळ्या पुत्राचा दाखला मी तसाच ऐकला. धाकट्यानं बाप जिवंत असताना वाटणी मागून घेतली, दूरदेशी जाऊन ती उडवली, तिकडं दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली आणि डुकरं खातात त्या शेंगांनी तरी पोट भरावं असं त्याला झालं. मला शेंगा म्हणजे भुईमुगाच्याच ठाऊक. दुष्काळातही डुकरांना शेंगा घालतात, तो मुलूख आमच्यापेक्षा बराच बरा असणार, असं मी धरून चाललो. पोरगा परत आला, बापानं धावत जाऊन गळ्यात मिठी मारली, अंगठी घातली, पुष्ट वासरू कापलं. इथवर सगळं छान. मग थोरला शेतातून आला. घरात वाजंत्री ऐकून दारातच थांबला. म्हणाला, मी इतकी वर्षं राबतोय, मला साधं करडू नाही मिळालं कधी. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, ते शुभवर्तमानकार लूक सांगतच नाही.

मी अर्थातच थोरल्याच्या बाजूचा. घरातला थोरला होतोच, शिवाय करडाचा भाव मला माहीत होता. मी सिस्टरबाईंना वाल्याची गोष्ट सांगितली आणि रांजणांचं विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात तर वधस्तंभावरचा चोर हाय बघ. त्याला वारूळ चढायला सुद्धा वेळ गावला नाही. सांजच्याला स्वर्गात." आणि खड्यांचं? "ते मला ठाऊक नाही बाबा. मार कुणी दिला ते पोलीस विचारत्यात. आम्ही पट्टी बांधतो."

पुढं मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो. ऑडिटमध्ये दोष सापडला की तो काढून भागत नाही. संस्थेनं तो कसा दुरुस्त केला त्याचा दोषदुरुस्ती अहवाल यावा लागतो. त्या कागदावर दोन रकाने. डावीकडं दोष, उजवीकडं दुरुस्ती. उजवा रकाना कोरा असेल तर मी तो अहवाल स्वीकारत नसे. 'यापुढे दक्षता घेऊ' एवढंच लिहिलेलं असेल तरी नाही. दक्षता घ्या हो, पण गेलेले पैसे कुठं आहेत?

एका पतसंस्थेचं प्रकरण माझ्याकडं आलं. नाव सांगण्यात अर्थ नाही, तशा संस्था तेव्हा तालुक्या-तालुक्यात होत्या. सचिवानं ठेवीदारांच्या पावत्यांवर त्यांना न कळवता ठेवतारण कर्जं काढली होती. त्यातली एक पावती एका धनगर म्हातारीची. सगळे तिला अव्वा म्हणत. माडग्याळी मेंढ्या विकून तिनं पैसे ठेवलेले. कर्जाचा अर्ज माझ्या पुढ्यात होता, त्यावर अंगठा. म्हातारीला बोलावून घेतलं, तिचा अंगठा घेतला. तिच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना आडवा व्रण होता, अगदी मधोमध. कोऱ्या कागदावर शाई उमटली तेव्हा मध्ये एक पांढरी रेघ राहिली. अर्जावरचा अंगठा गोल, गुळगुळीत, सावलीत बसून काम करणाऱ्या माणसाचा. अव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोन अंगठे शेजारी ठेवल्यावर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "माझा हाय तो हा. मग त्यो कुणाचा?"

सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी झाली, ८८ खाली जबाबदारी निश्चित झाली, आणि वसुली अपिलात अडकली. सचिव काही काळ आत जाऊन आला. बाहेर आला तो गळ्यात माळ घालून. दारू सुटली, दिंडीत पाणी वाढू लागला, रात्री-अपरात्री कुणाचं आजारपण असलं की धावून जाऊ लागला. मी स्वतः पाहिलं आहे, माणूस बदलला होता, सोंग नव्हतं. मग तो प्रवचनंही करू लागला, आणि एका सप्ताहात म्हणाला, "मी पैसे खाल्ले नसते तर पांडुरंग मला भेटला नसता." मांडवात गजर झाला. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. वाक्य खरं होतं, हाच त्यातला त्रास. पण अव्वा त्या मांडवात नव्हती. ती वसुली व्हायच्या आधीच गेली. या माणसाला पांडुरंग भेटावा म्हणून अव्वाच्या मेंढ्या गेल्या, असा तो हिशेब होत होता. आणि पांडुरंगानं असला व्यवहार मंजूर केला असेल, असं मला कुणी पटवून देऊ शकलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाकडं वसईला राहायला गेलो. शेजार ख्रिस्ती. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेला त्यांच्याबरोबर गेलो. चर्चमधले सगळे दिवे घालवलेले. बाहेर विस्तव पेटवून त्यावर पास्खाची मोठी मेणबत्ती लावली, ती आत नेली, तिच्यावरून लोकांनी आपापल्या मेणबत्त्या पेटवल्या, आणि मग एक लांबलचक स्तोत्र गायलं गेलं. हे स्तोत्र लॅटिनमध्ये किमान बाराशे वर्षं तरी गायलं जातंय. त्यात एका जागी असं येतं, की आदामाचं पाप झालं ते बरंच झालं, धन्य तो अपराध, त्याच्यामुळं तर असा तारणारा लाभला. मी मेणबत्ती सरळ धरून शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?" त्यानं परत सांगितलं. आमच्या सचिवाचंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी जवळच राहणाऱ्या एका निवृत्त फादरांना गाठलं. ते म्हणाले, "तुम्हीच दचकलात असं नाही. अकराव्या शतकात क्लुनीच्या मोठ्या मठाचा प्रमुख ह्यू, त्यानं आपल्या मठात ते शब्द गाळायला लावले होते." मला ह्यू एकदम जवळचा वाटला. फादरांनी मला पुस्तकं दिली, फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' पहिलं आणि मग इंग्रजीतली जाडजूड, बारीक टायपाची. ऑडिटरला बारीक टाईप चालतो.

वाचत गेलो तसं दिसलं, की पाप तारणाच्या कामी येतं हा विचार त्या धर्मात कडेकडेनं आलेला नाही, पहिल्या पिढीपासूनचा आहे. इसवी सन ५७ च्या सुमारास पौल रोमच्या मंडळीला पत्र लिहितो. जिथं पाप वाढलं तिथं कृपा त्याहून जास्त वाढली, असं तो म्हणतो, आणि लगेच स्वतःलाच विचारतो, की मग कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय? उत्तर: मुळीच नाही. याच पत्रात आधी एका ठिकाणी तो कुरकुरतो, की चांगलं निघावं म्हणून वाईट करू या, असं आम्ही शिकवतो अशी आमची बदनामी चालली आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्म जेमतेम पंचवीस वर्षांचा असताना कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं. रोमच्या त्या मंडळीत माझ्यासारखा एखादा खतावणीवाला असणारच.

दुसऱ्या शतकात इरेनियस. मूळचा स्मर्नाकडचा, पुढं ल्योंचा बिशप. त्यानं आदाम-हव्वेला पोरं म्हटलं आहे. आपण समजतो तसे ते सर्वगुणसंपन्न होऊन मग घसरले असं नाही. ते अजून वाढायचे होते. जीभ चाखल्याशिवाय गोड-कडू ओळखत नाही, तसं माणसानं आज्ञा मोडून पाहिली आणि चांगलं-वाईट त्याला अंगानं कळलं. देवानं माणसाला पापाच्या पोटात जाऊ दिलं, ते योनाला माशाच्या पोटात जाऊ दिलं तसं: बाहेर आल्यावर तो आपल्या जोरावर आलो असं म्हणणार नाही. मला हा इरेनियस आवडला. त्याच्यात रागवारागवी कमी आहे. पोरांची चूक ती पोरांची चूक. फक्त आदामाचं पाप हे फळ खाण्याचं, त्यात शेजाऱ्याची मेंढी गेलेली नाही. गणित सोपं होतं ते त्यामुळंच. पुढच्याच पिढीत काइन हाबेलाला मारतो, आणि तिथून खडे पडायला सुरुवात होते.

(हेच सगळं आपल्याकडं ओवीत आलेलं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. आदाम-हव्वेची कथा त्यात पुराणिकानं सांगावी तशी आहे आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलेलं आहे. आमच्या आजीचा गैरसमज दूर झाला नाही ते बरंच झालं म्हणायचं.)

आणि ऑगस्टीन. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियात जन्मलेला हा माणूस. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली, खाल्ली थोडी, बाकीची डुकरांना टाकली, आणि त्या चोरीबद्दल पुढं 'कबुलीजबाब' लिहिताना त्यानं पानंच्या पानं खर्ची घातली. भूक नव्हती, फळं चांगलीही नव्हती, मग का चोरली? पापासाठी पाप केलं, यानं तो हादरतो. नासपतीच्या मालकाचा मात्र या पानांत पत्ता नाही. त्यानं सकाळी उठून झाड पाहिलं असेल, चार शिव्या घातल्या असतील. ऑगस्टीनला स्वतःच्या अंतःकरणात इतकं खोल उतरायचं होतं की वर कुंपणाशी उभा असलेला मालक त्याला दिसला नाही. यात मी त्याला झोडतोय असं नाही; आत्मचरित्र लिहिणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं.

उतारवयातल्या एका छोट्या पुस्तकात तो म्हणतो, की वाईट मुळीच होऊ न देण्यापेक्षा वाईटातून चांगलं काढणं देवाला जास्त योग्य वाटलं. आणि 'देवाचं नगर' या थोरल्या ग्रंथात त्याहून धाडसी विधान: गर्विष्ठ माणसाच्या हातून एखादं उघड, लोकांत नाचक्की करणारं पाप घडणं त्याच्या हिताचं असतं. दाखला पेत्राचा. मी तुला कधी सोडणार नाही अशा बढाया मारणारा पेत्र आणि तीनदा नाकारून कोंबडा आरवल्यावर हुंदके देणारा पेत्र, या दोघांत निरोगी कोण? रडणारा. हे मला मान्य आहे. चाळीस वर्षं एक पैची तफावत न आलेले हिशेबनीस मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी बसून जेवण जात नाही.

पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात मी अडकलो. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथांनी रोम लुटलं. बायकांवर अत्याचार झाले. लोक ऑगस्टीनला विचारत होते, तुमच्या देवानं त्यांना का वाचवलं नाही? आधी त्यानं जे लिहिलं ते त्या काळाच्या मानानं फार मोठं आहे. या बायकांकडं कसलाही दोष नाही, शील मनात असतं, दुसऱ्याच्या जुलमानं ते जात नाही, त्यांनी जीव देण्याचं कारण नाही. इथवर मी पेन्सिलनं रेघ ओढत होतो. मग काही पानांनी तो त्या बायकांनाच म्हणतो, की आपल्या शीलाचा थोडा गर्व तर नव्हता ना, मनात शोधून पाहा. कदाचित तो उतरवण्यासाठी हे होऊ दिलं गेलं असेल. पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्याच्या पापानं माझा गर्व उतरला, असं ती बाई स्वतः म्हणाली तर मी ऐकून घेईन. बिशपानं ते तिला सुचवायचं? सचिव मांडवात स्वतःच्या खात्यावर बोलला होता, निदान अव्वाला तुझंही भलंच झालं असं सांगायला तो गेला नव्हता.

फादरांशी यावर माझं वाजलं. ते ऑगस्टीनची बाजू घेत होते, मी अव्वाची. आपल्याकडचं पण काढलं त्यांनी. म्हणाले, "तुमचा अजामिळ? तुमचा शिशुपाल? शंभर शिव्या देऊन मोक्षाला गेला." विरोधभक्ती. बरोबर आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातही कितीही दुराचारी असला तरी अनन्यभावानं भजला तर त्याला साधूच समजायचं आहे. आमच्याकडंही खडे मोजलेले नाहीत.

मग त्यांनी मला कॅलिस्टसची हकीकत वाचायला दिली, आणि तीत मी दोन दिवस मुक्काम केला. कॅलिस्टस हा २१७ पासून २२२ पर्यंत रोमचा बिशप, म्हणजे आजच्या भाषेत पोप. त्याच्याबद्दलची माहिती त्याच्या कट्टर विरोधकाची, हिप्पोलितसची मानली जाते. त्या लिखाणाची हस्तप्रत १८४२ मध्ये अथॉस पर्वतावरच्या मठांत सापडली. म्हणजे विरोधी पॅनेलचा तक्रार अर्ज समजून वाचायचा. कॅलिस्टस आधी गुलाम. धन्यानं त्याला पैसे देऊन पेढी चालवायला बसवलं. धन्याच्या नावावर विश्वासून विधवांनी आणि इतर बांधवांनी ठेवी ठेवल्या. ठेवी बुडाल्या. कॅलिस्टस बंदरावर पळाला, गलबतात चढला, धनी येताना पाहून समुद्रात उडी मारली. खलाशांनी बाहेर काढलं. चक्की ओढायला घातलं. ठेवीदार धन्याकडं गयावया करत आले, त्याला सोडा, तो म्हणतो त्याचे पैसे बाहेर येणे आहेत, वसूल तरी करू द्या. वसुलीला गेला तो सिनॅगॉगमध्ये दंगा करून बसला, तिथून सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरी. तिथून सुटला, बिशपाच्या हाताखाली दफनभूमीचा कारभार पाहू लागला (आपियन रस्त्यावरचं ते भुयारी दफनस्थान अजून त्याच्या नावानं आहे), आणि शेवटी स्वतःच बिशप झाला.

बिशप झाल्यावर यानं काय केलं? मोठ्या पाप्यांनाही पश्चात्तापानंतर मंडळीत परत घ्यायचं ठरवलं. नोहाच्या तारवात शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी होते, मंडळीही तशीच, असं त्याचं म्हणणं हिप्पोलितसनं मोठ्या रागानं नोंदवलं आहे. हिप्पोलितस म्हणजे दारात उभा असलेला थोरला भाऊ. माझा पक्ष ठरलेला होता, पण इथं मी जरा डळमळलो. खाणीतून आलेल्या माणसालाच कळतं, की बाहेर ठेवलेल्या माणसाला आत यावंसं किती वाटतं. त्याचं पाप त्याच्या नंतरच्या हजारो लोकांच्या कामी आलं, हे मी ऑडिटर म्हणूनही मान्य करतो. त्यानंतर तीसेक वर्षांनी डेसियस बादशहानं सगळ्यांना देवांपुढं बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावलं (इजिप्तमध्ये त्यातले काही कागद सापडले आहेत, अर्जदाराचं नाव, साक्षीदार, सगळं रीतसर). छळ थांबल्यावर दाखला घेतलेले लोक रडत परत आले. रोमच्या नोवाटियननं दार लावून घेतलं. कार्थेजच्या सिप्रियननं प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून, दीर्घ प्रायश्चित्त सांगून आत घेण्याचा मार्ग काढला. मंडळी टिकली ती सिप्रियनच्या बाजूनं. हे सगळं पटतं.

पण त्या विधवा? हिप्पोलितसला कॅलिस्टसची एकही खोड सोडवत नाही, त्याला ठेवींचं काय झालं हे लिहायचं सुचलं नाही. कॅलिस्टसच्या बाजूच्यांनी तो विषय काढला नाही. मी टिपांसह वाचलं. रकाना कोरा.

या वाचनात मला सारखं आटपाडी आठवत होतं. जतच्याच जिल्ह्यातला तालुका, तेव्हा औंध संस्थानात. तिथं स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, भारतात येऊन भारतानंद झालेला, त्यानं औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानं ती उभी केली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाची शिक्षा झालेली माणसं शेती करणार, बायकामुलांना आणून राहणार. तिच्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी, ते त्याच भागातल्या माडगूळचे, कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो सिनेमा मी जतच्या तंबूत पाहिलेला. सहा खुनी माणसं माळरान फोडून भाजी पिकवतात आणि आजूबाजूला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी मनात सहा खडे मोजत होतो. बायकोनं 'किती रुक्ष हो तुम्ही' म्हणायचं तेव्हा बाकी होतं.

पुढं आटपाडीकडच्या सोसायट्यांच्या तपासणीला गेलो की तो रस्ता लागायचा. एकदा तिथल्या एका कैद्याशी बोलणं झालं. ज्वारीची कणसं खुडून झालेली, तो कडबा बांधत होता. भावकीतला बांध, कुऱ्हाड, एक माणूस गेला. आमच्याकडचा नेहमीचाच गुन्हा. बायको-मुलगी तिथंच राहत होती. मी विचारलं, इथं बरं वाटतं का? म्हणाला, "माणसात आलो साहेब." मग कडब्याची पेंढी गुडघ्याखाली दाबून आळा आवळता आवळता म्हणाला, "पॅरोलवर गावाकडं गेलो की त्येंच्या दारावरनं जावं लागतंय. दुसरी वाट हाय, लांबची. पण मी त्येंच्याच दारावरनं जातो. म्हातारी वसरीला बसल्याली असती. मी थांबतो. ती बघत न्हाई." किती वेळ थांबता? "ती उठून आत जाईपातूर."

पौलापासून सिप्रियनपर्यंत कुणाच्या लिहिण्यात मला हा माणूस सापडला नाही. पाप आपल्या कामी आलं असं तो म्हणत नव्हता. म्हणाला असता तर खोटं नव्हतं, त्याला शेत, घर, झोप सगळं परत मिळालं होतं. पण तो लांबच्या वाटेनं जात नव्हता. आणि म्हातारीनं बघावंच असा त्याचा हट्टही नव्हता. मला वाटतं, धन्य तो अपराध म्हणायचा अधिकार असलाच तर तो त्या वसरीवर आहे, आणि तिथून काही ऐकू येईतो बाकीच्यांनी तो शब्द हळू म्हणावा. देवाला वाईटातून चांगलं काढता येतं, यावर माझा आता विश्वास आहे. म्हातारीला डावलून काढता येतं, यावर नाही.

फादरांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्हाला जक्कय वाचायला हवा. तुमच्या खात्यातला आहे."

जक्कय हा यरीहोतला जकातदारांचा मुख्य, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो. लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून सांगतो, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि ज्यांना फसवून घेतलं असेल त्यांना चौपट परत करतो. उजवा रकाना भरलेला! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. जक्कयाची मालमत्ता धरा एक रुपया. आठ आणे गरिबांना. राहिले आठ आणे. त्यातून चौपट द्यायचं, म्हणजे लबाडीचे जास्तीत जास्त दोन आणे भागतात. रुपयात दोन आण्यांच्या वर एक पैसा जरी खाल्ला असेल, तर हा माणूस शब्द पाळता पाळता उघड्यावर येतो. आणि जकात नाक्यावरचा मुख्य फक्त दोनच आणे खाऊन राहिला, हे मी माझ्या सेवाकाळात तरी पाहिलेलं नाही.

मी पाकीट फादरांपुढं सरकवलं. त्यांनी बोट ठेवून बेरीज तपासली. "म्हणजे तो भिकेला लागला?"

"लागायलाच पाहिजे. पुढचं लूकनं दिलेलं नाही."

"पण आज या घराला तारण मिळालं, असं येशू म्हणतो ते हा आकडा ऐकल्यावर," फादर म्हणाले. "आधी नाही. हे तरी तुम्हाला पटेल."

"पटलं. पण ते वचनावर म्हणाले. पावत्या अजून फाटायच्या होत्या."